रिजेक्ट माल

सगळा दोष दगडाबाईंचा. म्हातारं माणूस आहे, जाऊ द्या, असं म्हणणाऱ्यांनी त्यांना चार दिवस आपल्या घरी न्यावं आणि मग बोलावं.

दगडाबाई म्हणजे अंगदची आई. अंगद शेंद्र्याला एका कंपनीत नटबोल्ट तपासायचा. खोट दिसली की बोल्ट लाल खोक्यात. त्याच्या सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, म्हणून बायकोचं, प्रेरणाचं, पहिलं बाळंतपण माहेरी न होता मुकुंदवाडीत सासरीच झालं. मुलगी झाली. तेव्हापासून अंगद ड्यूटीवरून आला की हात धुवायचा, पाळण्यापाशी बसायचा आणि नुसता बघत राहायचा. (टीव्हीवर मॅच असली तरी. शेजारी काळजीत पडले होते.)

एका संध्याकाळी त्याच्या तोंडून निघून गेलं, "लई गोड दिसती ना?"

एवढंच. पण पोरीनं नेमकं तेव्हाच भोकाड पसरलं. दूध नको, मांडी नको, पाळणा तर नकोच. दगडाबाईंनी मीठ-मोहरी-मिरच्या तिच्यावरून उतरवल्या, प्रेरणाला बाळासकट आतल्या खोलीत कोंडलं आणि ते सगळं तव्यावर टाकलं. ठसका लागला तर दृष्ट नाही, नाही लागला तर दृष्ट, असं हे शास्त्र. अंगद आणि त्याचे वडील खोकत खोकत गॅलरीत पळाले. समोरच्या बिल्डिंगमधल्यांनी धडाधड खिडक्या लावून घेतल्या. दगडाबाई मात्र तव्यापाशी ठाम उभ्या. सर्दीनं त्यांचं नाक गच्च होतं.

"मला तर काईच वास नाय," त्या म्हणाल्या. "कडक दृष्ट हाय. अन् बापाचीच हाय."

"आई, आम्ही मरायला लागलोत हितं खोकून," अंगद गॅलरीतून म्हणाला.

"तुमचं नका सांगू. आजपासून पोरीकडं टक लावून बघायचं नाय. बघायचंच आसंल तर नावं ठेवत बघ."

अंगदच्या वडिलांनी मान डोलावली. (त्यांना तेवढं एकच काम चांगलं जमायचं.)

अंगदनं आधी कपाटाच्या आरशातून बघून पाहिलं. आरशातून दृष्ट लागत नसावी, असा त्याचा अंदाज. पण आरशात पोरगी लांब दिसायची आणि मुठी तर दिसायच्याच नाहीत. शेवटी तो नावं ठेवायला बसला. आता नावं ठेवायची त्याला एकच भाषा येत होती, कंपनीतली.

रविवारी त्याचे सासरे बद्रीनाथ झबली-टोपडी घेऊन आले. गुलमंडीत त्यांचं कापडाचं दुकान. सोबत मेहुणा प्रणय. दार उघडंच होतं. आत पोरीच्या मुठीत बोट देऊन अंगद अगदी हळू, अगदी मायेनं बोलत होता, "फिनिशिंग नाय काई. नाक दबलंय. दोन कानांचा साइज जुळत नाय. रिजेक्ट माल हाय हा. परत पाठवायला पायजे."

बद्रीनाथ उंबऱ्यातच थांबले. गिऱ्हाईक कापडाची सगळी ठाणं उलगडायला लावून तसंच निघून गेलं तरी हसणारा माणूस. पण आता त्यांचं तोंड उतरलं.

"काय म्हणलात, पाव्हणं?"

"तसं नाय मामा. लई गोड हाय पोरगी, एकदम..."

"थू थू थू," दगडाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "कसली गोड? कोळशाचं पोतं हाय नुसतं."

"मामा, आईनंच सांगितलं मला असं बोलायला."

"अस्सं. म्हणजे घरात ठरवून चाललंय."

"मुलगी झाली म्हणून ना, दाजी?" प्रणय म्हणाला.

"आरं, मला मुलगीच पायजे होती."

"मग परत कुठं पाठवायलात?"

बद्रीनाथांनी झबल्यांची पिशवी काखेत मारली. "फाडलेलं कापड आम्ही परत घेत नसतो, पाव्हणं. पण पोरगी घेतो. प्रेरणा, बॅग भर."

प्रेरणा केस विस्कटलेल्या अवस्थेत बाहेर आली. तिनं एक शब्द बोलायचा अवकाश होता, सगळं मिटलं असतं. अंगदनं तिच्याकडं आशेनं बघितलं. "सांग की गं यांना."

तिनं सासूकडं बघितलं. तव्याकडं बघितलं.

"बाबा, आईला दिसायला लागलं का आता?"

"लागलं की."

"मग चला."

जाताजाता ती अंगदच्या कानाशी म्हणाली, "मला समदं माहितीय हो. पण मला झोप पायजे."

बॅग अंगदनंच रिक्षापर्यंत नेली. पोरगी दुपट्यातून एका डोळ्यानं त्याच्याकडं बघत होती. वर गॅलरीत दगडाबाई कान देऊन उभ्या. त्यानं दुपटं तिच्या गळ्याशी नीट खोचलं आणि तो म्हणाला, "जा, माकडा." तेही बद्रीनाथांनी ऐकलं.

पुढं गैरसमज मिटला. बद्रीनाथ पोट धरून हसले आणि ही गोष्ट त्यांनी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितली. पण प्रेरणाची झोप काही लवकर पुरी होईना. पोरगी पहिल्यांदा हसली ती गुलमंडीत, प्रणयमामाकडं बघून.