खिडकीखालचा सरदार

रविवारी भर दुपारी बारा वाजता एवारिस्तो क्लेलियाच्या खिडकीखाली उभा होता. अंगात भाड्याचा झगा आणि तोंडावर मुखवटा. वय अठ्ठेचाळीस, धंदा औषधाच्या दुकानाचा. क्लेलिया गावच्या नाट्यगृहात तिकिटं विकायची आणि उद्या सकाळी कायमची बहिणीकडे बोलोन्याला निघाली होती. लग्नाचं विचारायचं तर आजच, नाहीतर जन्मभर एकट्याने खोकल्याच्या बाटल्या पुसत बसायचं.

उघड्या चेहऱ्याने विचारायची हिंमत नव्हती. म्हणून त्याने त्या जुन्या संगीत नाटकाचा आधार घेतला. त्यातला सरदार वेष पालटून खिडकीखाली गातो आणि पोरगी जिंकतो. दर कार्निव्हलला गावात तोच खेळ. शेवट शेंबड्या पोरालाही ठाऊक, तरी तिकिटासाठी मारामारी. पण नाटक आपल्यासारखंच सगळ्या गल्लीला तोंडपाठ आहे, हे या शहाण्याच्या लक्षातच आलं नाही.

त्याने पहिली ओळ घेतली मात्र, धडाधड खिडक्या उघडल्या.

"ए सरदार, सूर पडला!" नाझारेनो बेकरीवाला ओरडला. "पुन्हा घे!"

त्याने पुन्हा घेतली. तेवढ्यात समोरच्या दोनातेल्लामावशींनी नाटकातल्या दासीचं पद उचललं आणि नाझारेनो त्यातला खाष्ट काका होऊन वरून सुरात शिव्या घालू लागला. घरोघरी चुलीवर पास्त्याचा लगदा होत होता, पण शुद्ध कुणाला होती? एवारिस्तोला घाम फुटला. मागणी त्याची आणि गातेय सगळी गल्ली!

शेवटी क्लेलिया खिडकीत आली. हात पिठाने भरलेले.

"हो," ती म्हणाली. "करते लग्न."

एवारिस्तो हादरला. मुखवट्याला होकार? कोण, कुठला, काही न विचारता? त्याने संतापाने मुखवटा ओरबाडून काढला. "अहो क्लेलियाबाई, माणूस कोण ते तरी बघायचं! दुसराच कुणी झगा घालून आला असता तर?"

"एवारिस्तो, तुमच्या कापराचा वास दुसऱ्या मजल्यापर्यंत येतोय."

गल्लीला मात्र याहून मोठा धक्का बसला होता.

"असं कसं?" मावशी कडाडल्या. "पहिल्या अंकात पोरगी नाही म्हणते! होकार तिसऱ्यात!"

"भांडण राहिलं! बेशुद्ध पडणं राहिलं!" नाझारेनो रडवेला झाला.

क्लेलियाने हात झटकले. "मावशी, बावीस वर्षं हा माणूस माझ्यासमोर येऊन 'एक तिकीट द्या' एवढंच बोललाय. अजून किती अंक हवेत तुम्हाला?"

मग ती एवारिस्तोकडे वळली. "वर ये. जेवण गार होतंय."