एकदाच विचारायचं

मियाकेबाई जपानहून येणार हे कळल्यापासून मानसिंगरावांनी कडेगावच्या आपल्या घरात जपान लागू केलं होतं. चपला उंबऱ्याबाहेर एका ओळीत, बोलणं हळू, टीव्ही बंद. मोटारी रिवाइंड करायच्या दुकानातही ते गिऱ्हाइकापुढे कमरेतून वाकू लागले, तेव्हा दोघातिघांनी मोटार न देताच काढता पाय घेतला.

कारण तसंच होतं. त्यांची लेक राजनंदिनी नर्सिंगचा कोर्स करून घरी बसली होती आणि तिला जपानला जायचं होतं. मियाकेबाई तिकडे म्हाताऱ्या माणसांचा आश्रम चालवायच्या. गाठ पडली ती ‘जपानी शिकूया, सातारा-सांगली’ या मोबाइलवरच्या ग्रुपात. दर रविवारी सगळे पडद्यावर जमत. आधी मियाकेबाई इकडच्यांना जपानी शिकवत, मग इकडचे त्यांना मराठी. पोरगी नेमकं काय शिकतेय ते बघावं म्हणून मानसिंगराव एकदा तिच्या मागे येऊन बसले, आणि बघता बघता ग्रुपाचे अ‍ॅडमिन झाले. मियाकेबाईंचं मराठी त्यामुळे चांगलंच कडेगावी वळणाचं झालं होतं. आता त्या मुलगी आणि तिचं घरदार बघायला येत होत्या. पसंत पडलं की नोकरी पक्की.

घोळ झाला तो शिकवणीतूनच. एका रविवारी मियाकेबाई म्हणाल्या होत्या की त्यांच्याकडे पाहुण्याला फार आग्रह करत नाहीत. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये हे आधी बघतात. मानसिंगरावांनी त्याचा लगोलग कायदा केला. एकदाच विचारायचं, नको म्हटलं की विषय संपला. त्याच रविवारी मराठीच्या तासाला त्यांनी बाईंना आपल्याकडची रीत शिकवली होती. पाहुण्यानं लगेच हो म्हटलं तर हावरटपणा दिसतो. दोन-तीनदा नको म्हणायचं, मग घरचे वाढतातच. आपण काय शिकलो हे मानसिंगरावांच्या पक्कं ध्यानात होतं. काय शिकवलं ते मात्र ते साफ विसरून गेले होते.

बाई आल्या त्या उन्हातून, पुण्यापासूनचा गाडीचा प्रवास करून. राजनंदिनीनं चहा घेणार का विचारलं. बाई हसून नको म्हणाल्या. राजनंदिनी वाकली आणि कप आत घेऊन गेली. बाईंची नजर कपाबरोबर स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन परत आली. कोपऱ्यातल्या स्टुलावर मोबाइल उभा केला होता आणि त्यातून अख्खा ग्रुप हा सोहळा बघत होता. वाईच्या गुरुजींनी टाळ्यांचं चित्र पाठवलं.

जेवणाला रंगूबाईंनी, म्हणजे राजनंदिनीच्या आईनं, सकाळपासून पुरणपोळ्या लाटल्या होत्या. कटाची आमटी, गुळवणी, कुरडया, सगळं केलं होतं. पण ताट मानसिंगरावांच्या देखरेखीखाली वाढलं गेलं. जपानी भांडी बारकी असतात, म्हणून पोळीचा एक चतकोर, चमचाभर भात आणि बोट बुडेल एवढी आमटी. उष्टावणाला बाळाला यापेक्षा जास्त वाढतात, असं रंगूबाईंचं मत होतं. ते त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

बाईंनी दोन घासांत चतकोर संपवला. रंगूबाई पोळ्यांची बुट्टी घेऊन पुढे झाल्या.

“आनी वाढू का?”

“नको, नको. लय झालं,” मियाकेबाई म्हणाल्या आणि ताटावर आडवा हात धरला. हात धरताना बोटं मात्र फाकवून ठेवली होती.

रंगूबाईंनी सवयीनं पोळी उचललीच होती. मानसिंगराव घसा खाकरले. “रंगू, मॅडम नको म्हनल्यात न्हवं?”

पोळी बुट्टीत परत गेली. मग कुरडई आली, तीही एकदाच विचारून परत गेली. गुळवणी गेलं, भात गेला. प्रत्येक वेळी बाई नको म्हणून थांबायच्या, वर बघायच्या, आणि समोर तिघेजण वाकलेले असायचे. पाहुणीनं चतकोरावरच हात धुतला म्हटल्यावर तिच्यादेखत घरच्यांना पोटभर जेवायला बसता येईना, त्यामुळे तेही उपाशीच राहिले. आपल्या दारातून माणूस अर्धपोटी उठलं, हे रंगूबाईंच्या फार जिव्हारी लागलं. त्या चुलीपाशी जाऊन डोळे पुसत बसल्या. बाहेर मानसिंगरावांना वाटत होतं की तपासणी पहिल्या नंबरात पास झाली.

मियाकेबाई म्हणाल्या, जरा गावात एकटीच फिरून येते. त्या गेल्या, आणि थोड्याच वेळात ग्रुपावर फोटो पडला. पाठवणारा वाजिद. तोही जपानी शिकणाराच, एसटी स्टँडसमोर त्याचा वड्याचा गाडा. फोटोत मियाकेबाई बाकड्यावर बसल्या होत्या, दोन्ही हातांत वडे होते आणि गालफडं भरलेली होती. खाली वाजिदनं लिहिलं होतं, ‘मॅडम नको नको म्हणत्यात, मी वाढतोय.’

वाईच्या गुरुजींनी लगेच विचारलं, ‘मानसिंगराव, घरी जेवणाचा बेत नव्हता काय?’

मानसिंगरावांच्या पायाखालची जमीन सरकली. लेकीला मागे बसवून त्यांनी मोटारसायकल स्टँडवर आणली आणि बाईंपुढे वाकून जपानीत माफी मागितली. बाई तोंडात घास असतानाच उठल्या आणि वाकल्या. मानसिंगराव आणखी खाली वाकले. बाई त्याहून खाली गेल्या. एसटीची वाट बघणारी माणसं, कुणाचं काय पडलंय म्हणून, जमिनीवर शोधू लागली.

राजनंदिनीला मात्र चुलीपाशी बसलेली आई दिसत होती. नोकरी, जपान, वाकणं, सगळ्यावर पाणी सोडून तिनं बाईंच्या हातातला वडा काढून घेतला.

“उठा. आयनं सकाळधरनं पोळ्या लाटल्यात, ती तिकडं रडत बसलीया, आन तुमी हितं वडं खाताय व्हय? चला घरी.”

“नको, नको,” बाई म्हणाल्या.

“तुमच्या नकोला हितं कोन इचारतंय? बसा गाडीवर.”

मानसिंगरावांनी डोळे मिटून घेतले. लेकीचं विमान त्यांना दूर दूर जाताना दिसलं, तेही लेकीला न घेता.

घरी मियाकेबाईंना पाटावर बसवलं. रंगूबाई वाढत होत्या, राजनंदिनी तूप सोडत होती. बाई नको म्हणाल्या की एक पोळी पडे. पोट खरंच भरल्यावर त्या मनापासून, अगदी काकुळतीला येऊन नको म्हणाल्या, तेव्हाही एक पडली. मानसिंगराव मोबाइल पालथा घालून भिंतीला टेकून उभे होते.

शेवटी बाई भिंतीला टेकल्या. “भाऊ, तुमी शिकिवलं तसंच केलं मी. पर दुसऱ्या डावाला इचारलंच न्हाई कुनी. मला वाटलं, मीच चुकले.” मग त्या राजनंदिनीकडे वळल्या. “आमच्या आश्रमातली म्हातारी मानसं बी नको नको म्हनत्यात. पोरी आदबीनं ताट उचलत्यात, आन म्हातारी उपाशी झोपत्यात. दुपारी तुला बघून मी न्हाईच म्हननार हुते. जपानी पोरी आमच्याकडं पुष्कळ हायत्या. मला कडेगावची पायजे हुती.”

दिवाळी झाली की निघायचं, असं ठरलं. बाई सांगलीकडे रवाना झाल्या. ग्रुपावर अभिनंदनाचा पाऊस पडला आणि मानसिंगराव सगळ्यांना जपानीत आभार कळवत राहिले.

दिवे लागले तेव्हा घर एकदम गप्प झालं. सकाळपासून आपल्या पोटात काही नाही, हे मानसिंगरावांना आत्ता आठवलं. पण दिवाळीनंतर ही पोरगी घरात नसणार, हेही त्यांना आत्ताच पहिल्यांदा कळलं होतं. रंगूबाई ताट घेऊन आल्या.

“वाढू का?”

“नको,” मानसिंगराव म्हणाले.

रंगूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, रीतसर वाकल्या आणि ताट उचलून आत गेल्या. आतून मायलेकींचं बोलणं ऐकू येऊ लागलं. राजनंदिनी नको गं आई, पुरे गं आई म्हणत होती, आणि रंगूबाई काही ऐकत नव्हत्या. मानसिंगराव दाराकडे तोंड करून बसून राहिले. कुणी दुसऱ्यांदा विचारायला आलं तर तोंडून पुन्हा ‘नको’ निघू नये, म्हणून त्यांनी दोनदा हळूच ‘हं, वाढ’ असं म्हणून बघितलं.