पळी कुनाकडं हाय?

मी लोणावळ्यात टिकलो तो जवळच्याच कान्हे गावच्या धोंडीभाऊंमुळे. आधी त्यांचं नाव, मग हकिकत.

रेल्वेच्या शेडमधले आम्ही सहा जण एका खोलीत एक चूल करून जेवत असू. भाऊ त्यातले वडीलधारे. आमटी उतरली की ते पळी हातात घेत आणि वाढण्याआधी सभा भरवत. पळी ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं. पुढच्यानं आपलं म्हणणं मांडण्याआधी मागच्याचं सांगायचं. "त्यो काय म्हनला ते आदी सांग, मंग तुजं." मागचा "व्हय, असंच म्हनलो" म्हणेपर्यंत गाडी पुढं सरकत नसे.

उद्या वांगं की भोपळा, एवढ्यावर आमटी गार होई. एकदा कुसगावचा सखाराम वैतागला, "भाऊ, भूक लागलीया!"

"पळी कुनाकडं हाय?"

बिचाऱ्यानं पळी मागून घेतली आणि तेच पुन्हा म्हणाला. मग भुकेवर बाकीच्यांचंही मत घेतलं गेलं!

भाऊंचं म्हणणं एकच, "शेडमदी गोऱ्या फोरमनचा हुकूम. तितं निस्तं ऐकायचं. हितं तरी बोलू."

मी वऱ्हाडातला, चौथीत शाळा सोडलेला. काही चुकीचं बोलेन या धास्तीनं पळी आली की तशीच पुढं देई. एकदा भाऊ पाणी आणायला गेलेले. मी सहज विचारलं, "बुढा आला काय?"

झालं! भाऊ दारात दिसताच सखाराम उसळला, "ह्यो तुमाला बुढा म्हनतो! भाईर टाका ह्याची वळकटी!" बाकीच्यांनीही माना डोलावल्या. त्या गावात मला दुसरा थारा नव्हता. खोली सुटली की नोकरीही सुटणार.

भाऊंनी आमटीतली पळी माझ्या हातात दिली. "बोल."

"आमच्या इकडं बापाले बुढा म्हनतेत," मी कसाबसा बोललो. पळीतली आमटी गुडघ्यावर सांडत होती. "म्या माह्या बापालेबी बुढाच म्हनतो."

"सख्या, काय म्हनला ह्यो?"

सखाराम भिंतीकडं बघत म्हणाला, "बापाला बुढा म्हनत्यात म्हनं."

"व्हय का रं?"

"व्हय, असंच म्हनलो."

"मंग सख्या, आता तुजं."

सखारामनं पळी हातात घेऊन फिरवली. "माजं काय न्हाई. वाढा."

त्या दिवशी भाऊंनी पुढं कुणाचंच मत घेतलं नाही. सगळ्यांत आधी माझ्या ताटात वाढलं.

सुट्टीला भाऊ कान्ह्याला घरी जात, पण संध्याकाळच्या गाडीनं हटकून परत. पुढच्या सुट्टीला ते परतले तेव्हा मी विचारलंच, "भाऊ, मुक्काम का नाही करत?"

"कुनासाठी रं? बायकू गेली, प्वार न्हाई. येकट्यानं पळी धरली, तर 'व्हय, असंच म्हनलो' कोन म्हननार?" मग खालच्या आवाजात म्हणाले, "ते तुमच्याकडचं नाव... म्हनत जा की कवा कवा."

भाऊंची नोकरी आता संपत आली आहे. ते गावी राहायला गेले की दर सुट्टीला मी कान्ह्याला जाणार, पळी त्यांच्या हातात देणार. बुढा काय म्हणाला ते आधी सांगीन, मग माझं.