बाबांचे बहात्तर ठोके

बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि मुलाच्या नोकरीचा घराला पहिल्यांदाच उपयोग झाला. क्षणाक्षणाला बदलणारी माहिती हजारो लोकांच्या फोनवर त्याच क्षणी पोचवायची, हे त्याचं काम. हा दिवसभर कुणाला एवढं काय कळवत असतो, असं आई विचारायची. आता ते तिला कळणार होतं.

त्याने बाबांच्या मनगटावर एक घड्याळ बांधलं आणि नाडीचा प्रत्येक आकडा सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर जाईल अशी सोय केली. डॉक्टरांनी एकच सांगितलं होतं, रोज चाला. पण बाबा खुर्चीतून उठले की आकडा चढायचा, आणि आकडा चढला की फोन वाजायचे. काका म्हणायचे, आधी त्याला बसवा. ताई परगावाहून रडायची. बाबा निमूट बसायचे. पुढचा फोन घ्यायला उठले की आकडा पुन्हा वर. आठवड्याभरात बाबा फाटकापर्यंतही पोचले नाहीत. त्यांची खबर मात्र सगळीकडे पोचली.

"शेजारणीलाही जोडलंय वाटतं त्याने?" आईने विचारलं.

"मीच जोडायला सांगितलं," बाबा म्हणाले. "ती फोन तरी करत नाही. भिंतीवर टकटक करते."

मग आकड्यांच्या माऱ्याने आत्याचा फोन तापून बंद पडला. आत्याला वाटलं, दादाच बंद पडला. ती रडत दारात आली, दार उघडायला दादाच उठला, आणि उरलेल्या सगळ्यांचे फोन वाजले.

मुलाला फार वाईट वाटलं. आत्याच्या फोनबद्दल. माहिती फार झाली की ती बेताने पाठवावी लागते, हे त्याने आईला समजावलं. यापुढे आकडा बदलला तरच जाईल, नाहीतर आधीचाच सगळ्यांना दिसत राहील. ऑफिसात याच युक्तीसाठी त्याचं कौतुक झालं होतं.

"म्हणजे फोन गप्प, तर सगळं ठीक?" आईने विचारलं.

"अगदी."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी चपलांकडे.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून आकडा बहात्तरवर स्थिर राहिला. काका निवांत झोपले. ताईने पहिल्यांदाच रडल्यावाचून जेवण केलं. ऑफिसात साहेबांनी तर मीटिंगमध्ये बाबांच्या नाडीचा आलेख पडद्यावर दाखवला आणि बघा कशी शांतता, म्हणाले. मुलगा अभिमानाने बघत राहिला. पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ. मग त्याच्या लक्षात आलं, की जिवंत माणसाची रेघ इतकी सरळ नसते.

तो धावत घरी आला, धावतच जिने चढला. घरात कुणी नव्हतं. घड्याळ तेवढं चार्जरला लावलेलं होतं.

तो जिन्याकडे वळतो तोच दोघं वर येताना दिसली. आईचा हात बाबांच्या कोपराला, बाबांचा चेहरा लालबुंद आणि खुशीत. बागेला पूर्ण फेरी मारून आले होते.

"मला कळवायचं तरी," मुलगा धापा टाकत म्हणाला.

"कळवण्यासारखं काय होतं? फोन गप्प होता ना?" आईने त्याला खुर्चीत बसवलं आणि घड्याळ उचलून त्याच्याच मनगटावर बांधलं.

क्षणात फोन वाजला. आत्या होती, नव्या फोनवरून. दादाचा आकडा भलताच चढलाय, आधी त्याला बसवा, म्हणत होती.

"बसवलंय," आई म्हणाली, आणि बाबा चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले.