लिनबाईंचं टेबल

इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या वैजयंतीने शेजारच्या लिनबाईंचं जेवणाचं टेबल विकायला काढलं, ते निव्वळ परोपकार म्हणून. बाई बीजिंगहून मुलाकडे राहायला आलेल्या, इंग्रजी जवळपास शून्य. मुलगा ऑफिसच्या कामाने आठवडाभर एडिनबराला. वैजयंती सॉफ्टवेअरमधली, हौसेने चिनी शिकणारी. ऐकू येत नसल्याने २००४ मध्ये तिच्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट हे यंत्र बसवलं होतं. दोन वर्षांत बोलणं छान कळू लागलं, पण सुराचा चढउतार पुसटच राहिला. आणि चिनीत सगळी मदार त्याच्यावर. 'माइ' खाली नेऊन वर चढवला की विकत घेणं. वरून झटकन खाली टाकला की विकणं.

बाई टेबलावर हात ठेवून भराभर बोलल्या. वैजयंतीने 'विकणं' ऐकलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेवर 'टेबल विकणे आहे' असं कार्ड लावलं.

शनिवारी सकाळी तिघं आले. हे टेबलं विकणारे, असं समजून बाईंनी त्यांना चहा दिला आणि तुमची टेबलं कुठे आहेत, असं खुणांनी विचारत राहिल्या. डेरेक नावाच्या म्हाताऱ्याला ती खूण 'उचला' अशी वाटली. त्याने टेबल उचललं, ते दारात अडकलं आणि बाई ओरडू लागल्या.

वैजयंती आणि तिचा नवरा मुरलीधर धावत आले. तिने मुलाला फोन लावला.

"आईला मोठं टेबल घ्यायचंय," तो म्हणाला. "माझ्या सासरचे चौदाजण येणार आहेत."

वैजयंतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आपण नेमकं काय ऐकलं, हा प्रश्न तिला स्वस्थ बसू देईना. ओठ दिसू नयेत म्हणून पाठ फिरवून तिने बाईंना दोन्ही शब्द सावकाश, उलटसुलट दहा वेळा म्हणायला लावले. सूर कळेना; पण एक 'माइ' लांबत होता, दुसरा तुटत होता. भरभर बोलण्यात तेवढंच निसटलं होतं. दहापैकी आठ बरोबर आले.

मुरलीधर हसत पुढे झाला. त्याचे चार आले.

"माझे कान तर धडधाकट आहेत," तो म्हणाला.

"म्हणूनच तू ऐकत नाहीस."

दारात अडकलेला डेरेक आता बोलला. तो लहान फ्लॅटमध्ये राहायला गेला होता आणि त्याचं अवाढव्य टेबल तिथे मावत नव्हतं. दुपारपर्यंत अदलाबदल झाली.

संध्याकाळी मुलाने फोन करून विचारलं, आईने शेवटी टेबल विकलं की घेतलं?

वैजयंतीने नव्या टेबलावर चौदा वाट्या मांडून बघणाऱ्या लिनबाईंकडे पाहिलं.

"दोन्ही," ती म्हणाली.