दुसऱ्यांच्या वाटणीची लाज

एसटी उशिरा आली की गणपतकाका प्रवाशांची माफी मागायचे. ते ड्रायव्हर नव्हते, कंडक्टर नव्हते. आमचे शेजारी, मारुतीच्या देवळात पूजा करणारे. धोतराचा सोगा सावरत थांब्यावरच्या एकेकापुढं हात जोडायचे आणि म्हणायचे, "लई तकलीफ झाली तुमाला. मला तर लाज येऊन राहिली." परगावचे लोक त्यांना एसटीचाच माणूस समजून चार शब्द सुनावायचे. काका तेही मान खाली घालून ऐकून घ्यायचे.

कोणाच्या शेळीनं कोणाची मेथी खाल्ली, लाज काकांना. लग्नात वरण कमी पडलं, तर मुलीच्या बापाआधी काका घामाघूम. एकदा पाहुणे बसलेले असताना माझा नवरा आतल्या खोलीत घोरायला लागला. काका त्यांच्या ओसरीवरून उठून आले आणि पाहुण्यांना म्हणाले की माणूस चांगला हाये, झोपेतलं तेवढं सांभाळून घ्या.

गावात नुकते कुठं मोबाइल दिसू लागले होते, तेव्हाची गोष्ट. आमचं गाव बाळापूरच्या रस्त्यावर, दिवसभर ट्रक चालू. आम्ही बाया हळदीच्या शेतात कामाला गेलो की बारकी लेकरं ग्रामपंचायतीच्या खेळघरात असायची. एक खोली, एक झोका, वाळूचा ढीग, आणि लक्ष ठेवायला शांताबाई. मग पंचायतीनं ठरवलं, खर्च झेपत नाही. खेळघर बंद, खोली खताच्या दुकानाला भाड्यानं.

त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या सुनीतानं पोराचा पाय जुन्या लुगड्यानं खाटेला बांधला आणि ती कामावर गेली. मोकळं सोडलं तर पोरगं रस्त्यावर जाणार, दुसरं काय करणार होती? काकांनी रडणं ऐकलं, गाठ सोडली आणि दिवसभर पोराजवळ बसून राहिले. संध्याकाळी सुनीता आली. मोकळा पाय बघून तिची मान वर होईना. काकांनी तिचीच माफी मागितली.

"तुमी काहून मागता, काका?"

"कोणीतरी मागायला पाहिजे ना, बाई."

दुसऱ्या दिवसापासून ते घरोघर माफी मागत फिरू लागले, जणू खेळघराला कुलूप त्यांनीच लावलं होतं. आधी आम्हाला हसू आलं. मग राग आला. ज्यांनी मागायची ते मोकळे, आणि हा म्हातारा दारोदार हात जोडून फिरतोय. ग्रामसभेला आम्ही सगळ्याजणी लेकरं कडेवर घेऊन गेलो.

सरपंचांनी निधी कसा पुरत नाही ते बराच वेळ समजावलं. आमच्यातल्या एकदोघी बोलल्या. तेवढ्यात काका उठले. सरपंचांकडं त्यांनी पाहिलंच नाही. सतरंजीवर बसलेल्या लेकरांकडं तोंड करून त्यांनी हात जोडले.

"लेकरांनो, एवढ्या मोठ्या गावाला तुमच्यासाठी एक खोली परवडत न्हाई. सरपंचाच्या वतीनं मी तुमची माफी मागतो."

कोणी हसलं नाही. एका पोरीनं काकांना उलट नमस्कार केला. सरपंचांची आई आमच्यातच बसली होती, तिनं पदर कपाळापर्यंत ओढून घेतला. सरपंच हातातल्या पेनचं टोपण काढत होते, लावत होते. शेवटी खाली बघतच म्हणाले, "बसा काका. खोली ऱ्हाईल. शांताबाईबी ऱ्हातील."

खेळघर पुन्हा उघडलं, त्या दिवशी नारळ फोडायला काकांना पुढं बोलावलं. ते जागचे हलेनात. सुनीताचं पोरगं त्यांच्या मांडीवर झोपलं होतं. भाषणं झाली, पेढे वाटून झाले, सतरंज्याही गोळा झाल्या. काका तसेच भिंतीला टेकून. त्यांचा लेक सुरतेला असायचा. तो किंवा त्याची मुलं गावात आलेली मी कधी पाहिली नव्हती.

काकांचा पाय आखडला असेल म्हणत सुनीता पोराला उचलायला वाकली. काकांनी तिचा हात हलकेच बाजूला केला.

"राहू दे जराशीक," ते म्हणाले. "माह्या मांडीवर कोणी झोपलं, त्याला लई वर्षं झाली."