चंद्राच्या आड नत्थूजी

आज चंद्र आपल्या हातून सुटत नाही, हे अंकुशने सकाळीच जाहीर करून टाकलं होतं.

जाहीर म्हणजे 'आपलं अल्लीपूर' या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. तिथे त्याने लिहिलं, 'संध्याकाळी सर्वांनी ग्रुपवर लक्ष ठेवावे. डोळ्यांत पाणी आल्याशिवाय राहणार नाही.' घरच्या गच्चीवरून तो चंद्राचा एकेक खड्डा टिपणार होता. पण खड्ड्यांचा उल्लेख त्याने टाळला, कारण खड्डे म्हटलं की चर्चा चंद्रावर थांबत नाही, थेट रस्त्यावर येते.

अंकुश लग्नांमध्ये दोन नंबरचा कॅमेरा धरायचा. एक नंबरचा कॅमेरा नवरीकडे असतो आणि दोन नंबरचा जेवणाऱ्यांकडे. त्यामुळे तोंडात घास असलेला जवळजवळ सगळा तालुका त्याने टिपलेला होता, आणि एकानेही कधी 'माझा फोटो दे' म्हटलं नव्हतं. त्यात पौष महिना. पौषात फोटोग्राफर आणि घोडीवाला सारखेच रिकामे. हिंगणघाटच्या रूपेश नावाच्या मित्राने आपली मोठी टेलिफोटो लेन्स एका संध्याकाळपुरती दिली होती. ती सकाळी परत करायची होती.

"फुंकणी लै जाड झाली," लेन्स पाहून अंकुशची आई अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"आई, याच्यातून चंद्र हातभर दिसते."

"दिसून?"

अंकुश लेन्स पुसू लागला. तेवढ्यात आजोबा आत आले.

आजोबा म्हणजे नत्थूजी. 'यंदाची तूर काही मी खात नाई' असं ते दर हिवाळ्याला सांगत, आणि दर उन्हाळ्याला वरणात तूप कमी पडलं म्हणून भांडत. मरणाची त्यांना भीती नव्हती. भीती होती फोटोची.

त्याचं कारण समोरच्या खोलीत भिंतीवर टांगलेलं होतं. आजी मनकर्णाबाईंनी आयुष्यात एकटीचा असा फोटो कधी काढला नव्हता. त्या गेल्यावर एका स्टुडिओवाल्याने कुणाच्या तरी लग्नाच्या घोळक्यातून त्यांचा चेहरा कापला, भलत्याच बाईच्या धडावर बसवला, चकचकीत साडी नेसवली आणि मागे निळा रंग मारला. उजव्या खांद्यावर कोण्या वऱ्हाडणीची चार बोटं तशीच राहून गेली. तेरवीला आंजीहून आलेले नत्थूजींचे धाकटे भाऊ, भैयाजी, त्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले आणि चारचौघांत म्हणाले, "ही वहिनी नोहे."

ते खरं होतं. म्हणून नत्थूजींनी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

"माहा फोटो आजच काढ," नत्थूजी आता अंकुशला म्हणाले. "आधार कार्डावर मी चोर दिसतो. तुह्या मोबाइलवर गाल गुलाबी येतेत. मेल्यावर मले नवरदेव नाई दिसाचं."

"आबाजी, ही लेन्स जवळचं नाई पाह्यत. तिले दूरचंच दिसते."

नत्थूजींचा विश्वास बसेना. अंकुशने लेन्स त्यांच्यावर धरली. पडद्यावर धुकं आलं, आणि धुक्यात मिशीचं एक टोक.

"कितीक दूर पायजे?"

"त्या वासुदेवरावच्या गच्चीइतकं. पण आज राहू द्या, आज मले चंद्र..."

"दूर त मले तसंबी जाचंच हाये," नत्थूजी म्हणाले. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, पांढरी टोपी चढवली, प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेतली आणि निघाले. या वयात ते दोन जिने चढणार नाहीत, असा अंकुशचा हिशेब होता.

सूर्य बुडता बुडता गावाच्या उगवतीला तांबूस उजेड पडला. अंकुशने श्वास रोखून डोळा लावला. चंद्र वर आला. बरोबर वासुदेवरावांच्या गच्चीवर आला. आणि त्याच्या मधोमध, टोपीसकट, नत्थूजी होते.

अंकुशने हात हलवला, की सरका. नत्थूजी ताठ झाले. त्याने दोन्ही हात हलवले. नत्थूजींनी हनुवटी वर केली. तो ओरडला, "बाजूले व्हा!" वारा उलटा होता. खाली वाकून मोठा दगड ढकलावा तसं त्याने करून दाखवलं, तेव्हा नत्थूजींनी दोन्ही हात मांड्यांवर ठेवले आणि जणू निरोपाचं शेवटचं वाक्य बोलून झालंय अशा चेहऱ्याने स्थिर झाले.

लेन्सला मिशी सापडली होती आणि ती मिशी सोडायला तयार नव्हती. मिशीचा केस न् केस स्पष्ट आला. चंद्राचा एकही खड्डा आला नाही. तो मागे नुसता गुळगुळीत ताटासारखा उजळून राहिला. तो डोक्यावरून सुटेपर्यंत तिकडून ढग आले आणि पौर्णिमा संपली.

अंकुशने शब्द दिला होता, तेव्हा काहीतरी टाकणं भाग होतं. लिहिण्यासारखं काही उरलंच नव्हतं. म्हणून एक शब्दही न लिहिता त्याने तोच फोटो ग्रुपवर टाकला, फोन चार्जिंगला लावला आणि आतल्या खोलीत भरून ठेवलेल्या कापसात जाऊन पडला. कापूस खाजवत होता. त्याला ते योग्यच वाटलं.

आता गावाने काय पाहिलं ते पाहा. सकाळचा निरोप, की डोळ्यांत पाणी येईल. संध्याकाळी एका म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा फोटो, स्वच्छ कपडे, डोक्यामागे उजेडाचं गोल, खाली एक अक्षर नाही. अशा फोटोचा गावोगाव एकच अर्थ होतो. श्रद्धांजलीत निवृत्त तलाठी सदाशिवराव नेहमीच पहिले असत. कधीकधी तर ते नातेवाइकांच्याही आधी असत. त्यांनी लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' मग ग्रुपची धार लागली. 'अंत्यविधी उद्या सकाळी' हेही कुणीतरी ठरवून टाकलं.

अन्नपूर्णाबाई वांगी चिरत होत्या. दारातून चार बाया आल्या आणि त्यांच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. कोण मेलं हे अशा वेळी विचारणं बरं दिसत नाही, म्हणून अन्नपूर्णाबाईही रडल्या. शेजारच्या मोहिनीने पिठलं-भाकरी आणून ठेवली. आज या घरात चूल पेटायची नाही, असं सगळ्यांनी धरलेलं होतं. गल्लीतला भूपेंद्र तिरडीसाठी दोन हिरवे बांबू खांद्यावर घेऊन अंगणात आला.

सदाशिवराव कापसाच्या खोलीत शिरले. त्यांनी अंकुशच्या पाठीवरून हात फिरवला.

"मन घट्ट कर, बेटा."

"जाऊ द्या, काका," अंकुश म्हणाला. "पुढच्या पौर्णिमेले पाहू."

पोराच्या डोक्यावर परिणाम झालेला सदाशिवरावांना स्पष्ट दिसत होता.

"कुठं ठेवलं आबाजीले?"

अंकुश उठून बसला. नत्थूजींना हलू नका असं हातवाऱ्यांनी, नकळत का होईना, सांगून झालं होतं. आता उठा म्हणून कुणीच सांगितलं नव्हतं.

"वासुदेवरावच्या गच्चीवर हायेत. खुर्चीवर."

"बसल्याबसल्या," सदाशिवराव दाराकडे वळून मंडळींना म्हणाले. "पुण्यवान माणूस."

सगळे बॅटऱ्या घेऊन निघाले. मागून अंकुश 'अहो ऐका' करत होता, पण शोकात कोण कुणाचं ऐकतं. गच्चीवर अंधारात नत्थूजी तसेच बसलेले होते. हनुवटी वर, हात मांड्यांवर, थंडीने ओठ निळे. मंडळींनी हात जोडले. भूपेंद्र पाया पडायला वाकला.

"झाला का बे फोटो?" नत्थूजींनी ओठ न हलवता विचारलं.

भूपेंद्र जिन्यानेच खाली आला, पण सगळ्या पायऱ्यांना त्याचे पाय लागले नाहीत.

घरी आल्यावर नत्थूजींना कळलं की ते वारले. त्यांनी फार मनावर घेतलं नाही. भूक लागली होती, ते स्वतःच्या सुतकाचं पिठलं खायला बसले. "मीठ कमी हाये," ते म्हणाले. अंकुशचे वडील जिनिंगवर कापसाची गाडी घेऊन रांगेत होते. ग्रुपवरची बातमी वाचून त्यांचा फोन आला.

"रांग सोडून येऊ का?" त्यांनी विचारलं. "पुढं दोनच गाड्या हायेत."

"नका सोडू," अन्नपूर्णाबाई सासऱ्यांकडे पाहत म्हणाल्या. "मामाजी जेवून राह्यले."

जेवण झाल्यावर नत्थूजींनी अंकुशला फोन आणायला सांगितला. "वाच. कोणं काय लिवलं ते."

अंकुश वाचू लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. भावपूर्ण श्रद्धांजली.

"एकमेकाचं पाहून लिवलं सारं," नत्थूजी म्हणाले. "फोटोबद्दल कोणी काई?"

"नाई."

"अन् भैयाजी?"

अंकुशने पडदा वर सरकवला. गाव सोडलं तरी ग्रुपमध्ये असलेल्या आंजीच्या आजोबांनी काही लिहिलं नव्हतं. त्यांनी नुसता अंगठा दिला होता. वर केलेला, पिवळा.

नत्थूजींनी फोन डोळ्यांजवळ धरला.

"मी मेलो, अन् सख्ख्या भावानं अंगठा देल्ला," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. आपण मेल्याचं दुःख त्यांना तेव्हा झालं.

सकाळी हिंगणघाट राहिलं बाजूला. लेन्स पाठीवर तशीच बांधून अंकुशने मोटरसायकल आंजीकडे काढली. मागे नत्थूजी, कानाला मफलर. भैयाजी अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. भावाला पाहून ते उठले नाहीत. पोतं थोडं सरकवलं.

"बस."

"अंगठा काऊन देल्ला?" नत्थूजी उभ्यानेच म्हणाले.

"फोटो आवडला म्हून."

"लोकं मले मेला म्हणून राह्यलते, अन् तुले फोटो आवडला?"

"तू मेला नाई हे मले फोटो पाहूनच कळलं."

"कसं?"

"तुह्यासारखाच दिसून राह्यलता," भैयाजींनी एक शेंग फोडली. "मेलेल्या माणसाचा फोटो कधी त्याच्यासारखा दिसते का?"

नत्थूजी पोत्यावर बसले. त्यांनीही एक शेंग घेतली. त्यांना ती फोडायला फार वेळ लागला.

"इतके वर्सं झाले, मी रोज सकाळी हार घालतो," ते शेंगेकडे पाहत म्हणाले. "पण ते बाई मले वळख देत नाई, भैयाजी."

भैयाजींनी आपल्या पुढ्यातल्या सोललेल्या दाण्यांतली एक मूठ भावाच्या हातावर ठेवली. नत्थूजींनी ती खाल्ली. यंदाची तूर त्यांनी खाल्ली, हे कुणी बोलून दाखवलं नाही.

"पण पोट्ट्या," भैयाजी अंकुशकडे वळले, "याच्या डोक्यामांगं ते काय हाये? थाळी?"

"चंद्र हाये, आबा."

"काढून टाक. माणूस पाहू दे नीट."

"निळं कर मांगं," नत्थूजी म्हणाले.

तेरवीनंतर दोघा भावांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं. त्याच्या आड येणं अंकुशला जमलं नाही. त्याने तिथेच अंगणात बसून, मोबाइलवर, आपल्या हातून कधीतरी निघालेला एकमेव चंद्र खोडला आणि निळा रंग मारला. दोन्ही म्हाताऱ्यांनी मान डोलावली. फोटो फार झकास निघाला म्हणाले.

खोडलेला चंद्र मात्र त्याला फेकवेना. तो त्याने वेगळा कापून ठेवला. मधोमध आजोबांच्या डोक्याएवढं, टोपी आणि दोन्ही कानांसकट भोक पडलेला तो चंद्र दुपारी त्याने ग्रुपवर टाकला. पुन्हा घोटाळा नको म्हणून खाली स्पष्ट लिहिलं, 'हा चंद्र आहे. मी काढला.'

सदाशिवरावांचं उत्तर लगेच आलं.

'भावपूर्ण श्रद्धांजली.'